पिवळ्या आईचा देठ

आंजीत त्या दिवशी बाजार नव्हता, तरी पुंडलिकराव डेहनकरांच्या दारात बैलगाड्यांची रांग लागली होती. दुकानात मीठ-मिरची घ्यायला आलेली माणसं मीठ विसरून मागच्या अंगणात घुसत होती. येळाकेळीहून, खरांगण्याहून बाया आल्या होत्या. कडेवर पोर, हातात नारळ. अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला एक लाकडी फळी टांगलेली होती आणि तिच्यावर, मातीचा कण नसताना, एक झाड फुललं होतं.

"पाह्य माय, पाह्य. लुगडं नेसून नाचून राह्यली."

दिसत तसंच होतं. हिरव्या, चपट्या, कांद्यासारख्या गाठी. त्यांच्या बगलेतून निघालेली हातभर लांब बारीक काडी. आणि काडीवर पिवळीधमक फुलं. प्रत्येक फुलाला खाली घेरदार पाकळी, कंबरेशी बारीक, वर दोन हात पसरलेले आणि जिथं तोंड असावं तिथं तांबडे ठिपके. वारा आला की सगळ्या जणी एकदम हलायच्या, आणि अंगणातल्या बाया हात जोडायच्या.

घरची सून सुलोचना स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. तिला झाडाचं नवल नव्हतं, फुलांचं होतं. झाड तिच्या नवऱ्याचं, बाबारावाचं. तो चिखलदऱ्याला जंगल खात्याच्या कचेरीत कारकून होता. तिथला एक गोरा साहेब बंगला विकून विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं हे झाड बाबारावाला दिलं. बाबारावानं ते रेल्वेत मांडीवर धरून आणलं आणि स्वतः लिंबाला टांगलं. गाव त्याला साहेबाचं बांडगूळ म्हणायचं. घरच्या बाया त्याला रोज तांब्याभर पाणी घालायच्या. ते पानं धरायचं, फुलायचं मात्र नाही. मग मागच्या भादव्यात बाबाराव सुटीवर आला आणि विषमज्वरानं गेला. त्यानंतर त्या घरात झाडाकडे पाहायचं कुणाला सुचलं नाही. आणि १९५३ सालच्या माघात, वसंतपंचमीच्या तोंडावर, ते आपण होऊन फुललं.

पहिल्यांदा ते दिसलं सासूला. अनुसयाबाई पोरगा गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसायच्या; जेवा म्हटलं तर जेवायच्या, नाहीतर नाही. त्या सकाळी त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून शब्द निघाला.

"माहा बाबू आला."

सुलोचनेला त्या शब्दानं बरंच वाटलं होतं. सासू बोलली, हेच मोठं. आणि तिची स्वतःची वाट ठरलेली होती. गावच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, कमलाबाई, यांनी खटपट करून तिला नागपूरला दवाखान्यात परिचारिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळवून दिली होती. सासऱ्यांनी हो म्हटलं होतं. उन्हाळा सरला की जायचं. सासू जरा सावरली तर जाणं सोपं होईल, एवढाच तिनं त्या फुलांचा अर्थ लावला.

अर्थ लावणारा दुसरा माणूस दुपारी आला. नदीकाठी मठ बांधून राहिलेला नत्थूजी महाराज. आधी हा हिंगणघाटाकडे कुठंशी कापसाच्या गाठी उचलायचा म्हणे. पाठ दुखू लागली तसा त्याला साक्षात्कार झाला. भगवी कफनी, कपाळभर हळद, मागे डोमाजी नावाचा एक चेला. महाराज आल्यावर गर्दीनं वाट दिली. त्यानं झाडाभोवती एक फेरी मारली, डोळे मिटले, उघडले.

"मातीबिगर झाड जगते का? बोला."

"नाई, महाराज."

"पान्याबिगर फूल येते का?"

"नाई, महाराज."

"मंग हे काय हाये?"

कुणी बोलेना. ‘माहीत नाही’ म्हणायला गाव लाजलं, आणि महाराजानं गावाची लाज राखली.

"ये पिवळी आई हाये. आई का हुकूम हुआ, तवा ती सूखे लाकडावर बसली. काऊन बसली? या घरचा पोरगा तिच्या मांडीवर हाये म्हणून. अनुसयाबाई, तुमचा पोरगा गेला नाई. वर पाहा. आईच्या पदराआड हाये."

अनुसयाबाईंनी वर पाहिलं आणि त्या खाली बसल्या. सुलोचनेनं जाऊन त्यांना सावरून धरलं. अशा वेळी ‘असं कसं?’ हे कुणी विचारायचं? विचारणारा माणूस नव्हे, कसाई ठरला असता.

त्याच संध्याकाळी झाड लिंबावरून उतरवून देवघरात नेलं. डेहनकरांचं देवघर म्हणजे घराच्या पोटातली खोली. खिडकी नाही, झरोका नाही, दिवसाही समई लागायची. निघताना महाराजानं आईची ओटी म्हणून झाडाच्या एका बाजूच्या तीन-चार गाठी अलगद मोडून उपरण्यात बांधल्या. मठात आईची पूजा नको का? सगळ्यांना ते रीतीचंच वाटलं. तेव्हापासून देवघरातल्या झाडाला रोज हळदीचं पाणी आणि वाटीभर दूध असा अभिषेक सुरू झाला.

फाल्गुन निम्मा झाला तशी फुलं सुकली आणि एकेक करून गळाली. फूल म्हटल्यावर ते गळायचंच. पण अनुसयाबाईंचा पोरगा दुसऱ्यांदा चालला होता. त्यांनी महाराजाला बोलावणं धाडलं. महाराज आला, देवघराच्या उंबऱ्याशी बसला, आणि त्यानं विचारलं,

"घरातलं कोन बाहेर जाऊन राह्यलं?"

"कोनी नाई, महाराज," पुंडलिकराव म्हणाले. मग त्यांना आठवलं. "सून नागपूरले जानार हाये. दवाखान्यात शिकाले."

"हां. मंग आई राहील कशी? जिच्या कुंकवाच्या मायेनं आई आली, तिचंच मन उंबऱ्याच्या भाईर. जोवर आई फिरून फुलत नाई, तोवर हिनं या घराचा उंबरा ओलांडाचा नाई. हिच्या हातची सेवा पाह्यजे. ही गेली की आई गेली, अन् आईसंगं पोरगा."

डोमाजीनं बाहेरच्या दारात हळदीची रेघ ओढली. सुलोचना सासऱ्यांकडे पाहत राहिली. पुंडलिकराव वाईट माणूस नव्हते. दुकानातलं माप त्यांनी कधी मारलं नाही. पण एका बाजूला सुनेचं शिक्षण आणि दुसऱ्या बाजूला बायकोचा जीव, असा तराजू त्यांच्यापुढे टांगला गेला, आणि तो तराजू धरणारा हात कुणाचा हे पाहायचं धाडस त्यांना झालं नाही.

"मामाजी," सुलोचना म्हणाली, "ते फूल नाई आलं तर?"

"येईल," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "येते. थांब जराशी."

ती थांबली.

उन्हाळा तिनं त्या घरात काढला. विहिरीवर जायचं नाही, वावरात जायचं नाही, माहेरी लग्न होतं तिथं जायचं नाही. दुकानाकडचं दार बंद, कारण तिथून रस्ता दिसतो आणि मन जातं. कूलरबिलर त्या काळी कुठले. वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसं रात्री अंगणात खाटा टाकून निजतात. ती देवघराशेजारच्या खोलीत निजे. दूध रोज झाडाच्या मुळांवर ओतायचं, ते नासायचं, त्याचा आंबूस वास तिच्या लुगड्याला, केसांना, हातांना लागून राहिला होता. नागपूरची जागा दुसऱ्या कुणा मुलीला गेली. ते तिला शेजारणीनं सांगितलं, आणि सांगून वर तिच्या पाया पडली.

कारण लोक आता तिच्याही पाया पडत. पिवळ्या आईची सेविका. बाया येऊन विचारत, म्हैस कधी विईल, पोरगा पास होईल का. ती म्हणे, "मले काय माहीत?" त्यावर त्या एकमेकींकडे बघत, सेविका बोलत नाही, म्हणजे आत काहीतरी मोठं आहे.

एक मात्र सांगायला हवं. काही दिवस असे गेले की तिलाही ते खरं वाटलं. अंधारात समई लावून बसलं की त्या हिरव्या गाठींकडे पाहता पाहता तिला वाटे, असेल. बाबाराव असेल इथं. ती त्याच्याशी बोले. मी जाऊ का म्हणून विचारे. झाड झाडासारखं गप्प राही, आणि ती ते उत्तर म्हणून घेई. कोंडलेल्या माणसाला भिंतसुद्धा बोलल्यासारखी वाटते.

पण तिचे डोळे शाबूत होते. रोज हात लावायचा तर दिसणारच. पावसाळ्यात झाडाच्या एका टोकाला नवा कोंब आला. तो वाढला, पण लांबोडका आणि फिक्कट, दाराच्या फटीकडे मान करून. त्याची गाठ भरलीच नाही. जुन्या गाठी बुडाशी काळ्या पडू लागल्या. दाबलं की बोट आत जायचं. ज्या गाठीतून गेल्या वर्षी फुलं आली होती, तिच्या बगलेत वाळक्या काडीचं खुंट तेवढं उरलं होतं. तिथून पुन्हा काही यायचं लक्षण नव्हतं.

पुढची वसंतपंचमी जवळ आली. महाराजानं जाहीर केलं की आई पंचमीला फुलणार. पंचक्रोशीत निरोप गेले. त्या दिवशी अंगणात मांडव पडला, आंजीच्या आसपासची गावं लोटली. बायांनी पिवळी लुगडी नेसली होती. महाराज मोठी झोळी खांद्याला लावून एकटाच देवघरात शिरला आणि त्यानं आतून पडदा ओढला. घंटा वाजत राहिली. मंत्र म्हणून जे काय चाललं होतं त्यात संस्कृत कमी आणि खोकला जास्त होता. मग पडदा सरला.

समईच्या उजेडात पिवळी फुलं डुलत होती.

अनुसयाबाई भुईवर लोटल्या. लोक एकमेकांना ढकलून आत डोकावत होते. सुटले, हा पहिला विचार सुलोचनेच्या मनात आला. आई फुलली. आता रेघ पुसतील.

रेघ पुसली नाही. महाराज म्हणाला, "आई आली, आता तिले जपाचं." आणि ओटीची लुगडी, धान्याची पोती गाडीत भरून तो मठाकडे गेला.

तिसऱ्या प्रहरी गर्दी ओसरली. सुलोचना देवघरात समईत तेल घालायला गेली. गर्दीच्या रेट्यात समई झाडाच्या अगदी जवळ सरकली होती. ती पाहते तर फुलांची काडी वाकलेली. ती बघत असतानाच आणखी वाकली, हळूहळू, झोप आलेल्या माणसाच्या मानेसारखी. तिनं सावरायला हात पुढे केला आणि काडी अख्खीच्या अख्खी तिच्या हातात आली.

ती घाबरली. आई तुटली, हेच आधी वाटलं. मग तिनं काडीचं टोक समईपाशी धरलं. तुटलेलं टोक ओबडधोबड असतं; हे तिरकं होतं, सुरीनं छाटावं तसं. टोकाला कुंकू कालवलेलं मेण लागलं होतं आणि ते पातळ झालं होतं. तिनं नाकाशी धरलं. मधाच्या पोळ्याचा वास आला. झाडाच्या गाठीवर, गेल्या वर्षीच्या वाळक्या खुंटाशेजारी, तसल्याच लाल मेणाचा गोळा होता.

ती भुईवर बसली. तिला आनंद झाला नाही. वर्षभर ती त्या गाठींशी बोलली होती, त्याची तिला आधी लाज वाटली. आणि मग राग आला. बाहेरून सासूची चाहूल लागली. तिनं मेण बोटानं दाबलं, काडी पुन्हा खोचली, समई दूर सरकवली आणि तोंड पुसलं. आत्ता ओरडलं तर सगळे काय म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. सुनेनंच मोडली. जायचं आहे ना तिला.

खोचलेली फुलं किती टिकणार? चार-सहा दिवसांत त्यांनी माना टाकल्या. महाराज आला तो जणू हे ठाऊक असल्यासारखाच आला. त्यानं सुकलेली काडी पाहिली, सुलोचनेकडे पाहिलं, आणि उसासा टाकला.

"आईले इथं करमत नाई. दुकानदाराच्या घरात मिठाची हवा. आई म्हणते, मले नदीकाठी ने. माघी पौर्णिमेले पालखी काढू. अन् सेविका आईसंगं येईल. केस उतरवून, जलमभरासाठी."

पुंडलिकरावांनी मान वर केली. "केस? आमच्यात नाई तशी रीत, महाराज."

"रीत तुमची का आईची?"

पुंडलिकरावांची मान पुन्हा खाली गेली. अनुसयाबाई एवढंच म्हणाल्या, "माह्या बाबूले रोज पाहाले भेटन नं मठात?" महाराजानं हो म्हटलं.

त्या रात्री सुलोचनेनं अन्न घेतलं नाही. सुकलेली काडी तिनं निर्माल्यात टाकली नव्हती. फडक्यात गुंडाळून कंबरेला खोचली होती. दुसऱ्या दिवशी कमलाबाई आल्या. नागपूरची जागा गेल्यापासून त्या अधूनमधून दर्शनाच्या निमित्तानं येत, कारण दुसऱ्या कुठल्याही निमित्तानं सुलोचनेला भेटता येत नसे. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. तीर्थ द्यायला वाकताना सुलोचनेनं फडकं उलगडून टोक दाखवलं आणि सगळं सांगितलं.

कमलाबाईंनी ते टोक निरखलं. "ही फुलं त्यानं आणली कुठून?"

"त्याच्यावरच मी रात्रभर विचार केला, बाई. ओटी म्हणून त्यानं झाडाचा तुकडा नेलता. तो त्यानं देवघरात ठेवला नसंल. भाईर ठेवला असंल. तिथं फुलला."

"बाहेर का फुलेल आणि इथं का नाही?"

"पहिल्यांदा फुललं तवा ते लिंबावर होतं. उजेडात. अन् आमी कोनी त्याले पानी घातलं नाई, दुःखात विसरलो. पावसाळ्यात पोटभर पानी, हिवाळ्यात कोरडं, सकाळचं ऊन. त्याच्यानंच फुललं असंल ते. इथं अंधार अन् वरून दूध. सडून राह्यलं, बाई. फुलन कुठून?"

कमलाबाईंनी काडी फडक्यात परत ठेवली. "आपल्या रानात मोहाच्या झाडांवर आमरी फुलते ना, त्यातलंच हे परदेशी झाड दिसतं," त्या म्हणाल्या. "हवेतलं पाणी पितं, म्हणून माती लागत नाही. आपल्या आमरीला कुणी नारळ फोडत नाही, एवढाच फरक. मी मठाकडे जाऊन येते."

त्या गेल्या आणि नदीच्या अंगानं मठामागे फिरल्या. मागच्या अंगणाला तुराट्यांचं कुंपण होतं आणि बायांना तिकडे मनाई होती. पण मनाई नदीपात्रातून पाहायला नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या तीर्थ घ्यायला वाकल्या तेव्हा म्हणाल्या, "मठामागच्या उंबराच्या झाडाला बांधलंय. एक काडी छाटलेली, आणि दुसरी आज-उद्या उमलेल. पुंडलिकरावांना आत्ताच सांगू?"

सुलोचनेनं मान हलवली. "सांगतलं तर महाराज ते झाड नदीत फेकून देईल, अन् मी खोटी पडंन. पौर्णिमेले तोच मले उंबऱ्याभाईर काढून राह्यला. मले भाईर निघू द्या, बाई. फक्त तुमी पालखीसंगं या."

पौर्णिमेच्या सकाळी अंगणात न्हावी आला होता, पण केस मठात, नदीवर उतरवायचे ठरले. पालखीत झाड ठेवलं. डोमाजीनं हळदीच्या रेघेवर पाणी शिंपडलं आणि महाराज म्हणाला, "चल, बेटी." वर्षभरानं सुलोचनेनं उंबरा ओलांडला. उन्हानं तिचे डोळे दिपले. पायाखाली धूळ गरम लागली. तिला चालायची सवय राहिली नव्हती, तरी ती कुणाचा हात न धरता चालली. पुढे झांजा, मागे गाव, शेजारी अनुसयाबाई पदरानं पालखीवर सावली धरून.

मठाशी पालखी टेकली. न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं. महाराजानं हात वर केला, लोक गप्प झाले, आणि तेवढ्यात सुलोचना मठाला वळसा घालून मागच्या अंगाला चालू लागली.

"ओ बेटी, तिकडे नाई," महाराज म्हणाला.

ती थांबली नाही. डोमाजी आडवा आला, पण त्याच्यापुढे कमलाबाई येऊन उभ्या राहिल्या. आणि गावातल्या निम्म्या बायांना शिकवलेल्या बाईला हात लावायची डोमाजीची छाती नव्हती. सुलोचनेनं कुंपणाचं तुराट्यांचं दार उघडलं.

उंबराच्या बुंध्याला काथ्यानं बांधलेलं झाड सकाळच्या उन्हात टवटवीत होतं. गाठी टणक, पानं उजळ हिरवी. एका काडीवर पिवळी फुलं डुलत होती, लुगड्याचा घेर पसरून. मागून आलेली माणसं एकेक करून थबकली. पुढे अंगणात पालखीत आई उघडीबोडकी बसली होती, आणि इथं मागच्या अंगणात, नारळाविना, अभिषेकाविना, आई फुलली होती.

"मामाजी, इकडे या," सुलोचना म्हणाली. "आत्याबाई, तुमीही या. दुरून नोको, जवळून पाहा."

तिनं कंबरेचं फडकं सोडलं. उंबरावरच्या एका भरल्या गाठीच्या बगलेत तिरका छाटलेला हिरवा खुंट होता. सुकलेल्या काडीच्या टोकावरचं मेण तिनं नखानं खरवडलं आणि ते टोक खुंटावर टेकवलं. तिरक्याला तिरकं बसलं. खुंटावर सुरीनं एक साल सोलली गेली होती. तिचा दुसरा भाग काडीवर लोंबत होता.

"पंचमीले हे इथून कापलं. झोळीत घालून आणलं. पडदा ओढून मेणानं चिकटवलं. समईच्या आचेनं मेण पघळलं अन् माह्या हातात आलं. ज्या गाठीले चिकटवलं, ती गेल्या वर्षीच फुललती. तिच्यातून आता फूल येत नाई. नव्या गाठीतून येते. तीही उजेडात असली तर."

महाराजानं दोन्ही हात आकाशाकडे केले. "आईची लीला हाये. आई एका जागी दिसते, दुसऱ्या जागी—"

"लीला सुरीनं करते का आई?" पुंडलिकराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू आला नाही. मग ते डोमाजीकडे वळले. "हे कापलं कोनं?"

डोमाजीनं महाराजाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि गर्दी जास्त आहे हे त्याच्या लक्षात आलं. "मी कापलं, मालक. त्यायनंच कापाले लावलं."

न्हाव्यानं वाटीतलं पाणी ओतून दिलं आणि वस्तरा धोकटीत ठेवला. लोकांनी महाराजाला मारलं नाही. कमलाबाई मधे उभ्या होत्या. पण कालपर्यंत पाया पडणारे पोती उचलायला मठात शिरले, आणि संध्याकाळपर्यंत नत्थूजी आणि त्याची कफनी वर्ध्याच्या रस्त्याला लागली होती.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण अनुसयाबाई उंबराखाली बसल्या त्या उठेनात.

"तुले काय भेटलं?" त्या सुलोचनेला म्हणाल्या. "माहा पोरगा होता तिथं. खोटा असंल, पन होता. तू त्याले दुसऱ्यांदा मारलं."

सुलोचना सासूच्या शेजारी बसली. "आत्याबाई, मीही त्याच्याशी बोलायची, त्या अंधारात," ती म्हणाली. "तो तिथं असता, तर त्यानं मले असं कोंडून ठेवलं असतं का? तुमी सांगा. तुमचा पोरगा तसा होता का?"

अनुसयाबाईंनी नदीकडे पाहिलं. "नाई," त्या म्हणाल्या. "तसा नोता."

त्या वर्षीच्या पावसाच्या आधी सुलोचना नागपूरला गेली. कमलाबाईंनी पुन्हा खटपट केली, आणि या वेळी पुंडलिकराव स्वतः तिला सोडायला गेले. जाण्याआधी तिनं पालखीतल्या झाडाच्या सडक्या गाठी कापून टाकल्या, चांगल्या गाठी कोळशाच्या तुकड्यांवर आणि नारळाच्या काथ्यावर बांधल्या आणि फळी पुन्हा लिंबावर चढवली. सासूला तिनं दाखवलं: कोंब वाढत असेल तोवर भरपूर पाणी द्यायचं, पण तळाशी साचू द्यायचं नाही. गाठ भरली की हात आखडता घ्यायचा. सकाळचं ऊन लागू द्यायचं, दुपारचं नाही. दूध मांजराला. "फूल येईल तवा येईल," ती म्हणाली. "नाई आलं तर अजून एक साल पाहाचं. कोनाले दोष द्याचा नाई."

पहिला हिवाळा कोराच गेला. पुढच्या हिवाळ्यात ते फुललं. गावानं पाहिलं, पण गाड्या लागल्या नाहीत. कसं फुललं हे ठाऊक असलेल्या गोष्टीपुढे माणूस उभा राहतो, बरं वाटून घेतो आणि कामाला जातो. ठाऊक नसलेल्या गोष्टीपुढेही तेवढंच करावं. कसं झालं म्हणून विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत नारळ फोडू नये. एवढ्यासाठी फार शिकलेलं असावं लागत नाही. दिवा जरा जवळ न्यायची तयारी लागते.

तरी एक बाई आलीच. खरांगण्याची, अंगावर शाल पांघरून, कडेवर पाच-सहा वर्षांचं पोर. पोराचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं होतं. तिनं लिंबाखाली नारळ ठेवला आणि अनुसयाबाईंना म्हणाली, "माय, लेकराले हप्ताभर ताप हाये. आईचं एक फूल द्या. पान्यात घालून पाजतो."

अनुसयाबाई उठल्या. त्यांनी पोराच्या पोटाला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"हे फूल हाये, बाई. औषध नोहे," त्या म्हणाल्या. "माह्या बाबूचंही आंग असंच तापलं होतं. शेजारी म्हणत, वर्ध्याच्या दवाखान्यात न्या. मी म्हटलं, उतरंल. मी त्याले अंगारा लावत बसली. वर्धा इथून किती दूर हाये? गाडीनं अर्ध्या दिवसात पोचलो असतो."

ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. दुकानाच्या दारात पुंडलिकराव उभे होते. त्यांनी ऐकलं, मापं खाली ठेवली आणि छकड्याला बैल जुंपायला गेले. अनुसयाबाईंनी नारळ उचलून त्या बाईच्या ओटीत परत घातला, पोराला स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि छकड्यात जाऊन बसल्या.

"चाल," त्या म्हणाल्या, "मीही येतो."